दुर्मिळ रोगाचे निदान कोणी करावयाचे?

दहा कोटी लोकसंख्येमागे वर्षाकाठी अवघ्या चौतीस जणांत जो रोग आढळतो, त्याच्या निदानाची चिंता आपल्यासारख्या देशाने करावी काय, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला निर्दय म्हणता येणार नाही. क्षय, हिवताप, मधुमेह आणि कुपोषण यांनी ज्या देशातील रुग्णालये भरून गेलेली आहेत, तेथे हृदयातच उगम पावणाऱ्या कर्करोगासाठी वेळ, पैसा आणि तज्ज्ञ खर्ची घालणे ही चैन होय, असे वरवर पाहता वाटते. साधने मर्यादित आणि गरजा अमर्याद, हे तर अर्थशास्त्राच्या पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगावे लागते. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. परंतु साधनांची वाटणी कशी करावी हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच अर्थशास्त्राचाही आहे, आणि त्याचे उत्तर वरवर दिसते तितके सरळ नाही.

रोगाचे स्वरूप

फुप्फुसाचा, जठराचा, स्तनाचा कर्करोग आपण ऐकतो. हृदयाचा कर्करोग मात्र सहसा कानावर येत नाही. याला कारण आहे. कर्करोग हा मूलतः पेशीविभाजनाचा रोग. ज्या अवयवातील पेशी सतत विभागत असतात, तेथे विभाजनाची शिस्त बिघडण्याचा संभव अधिक. हृदयाच्या स्नायूतील पेशी जन्मानंतर जवळजवळ विभागत नाहीत. त्यामुळे हृदयात स्वतंत्रपणे उद्भवणारी गाठ फार विरळा. शवविच्छेदनांच्या जुन्या पाहण्यांत दहा हजारांमागे फार तर दोन-तीन व्यक्तींत अशी गाठ आढळे. अन्य अवयवांतील कर्करोग पसरत पसरत हृदयापर्यंत पोहोचण्याचे प्रमाण याहून निदान वीसपट ते चाळीसपट अधिक आहे. येथे विषय आहे तो हृदयातच जन्मलेल्या गाठींचा.

या गाठींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश सौम्य असतात. प्रौढांत त्यांतील सर्वांत परिचित ती मिक्सोमा. ती बहुधा डाव्या अलिंदात, दोन अलिंदांमधील पडद्याला देठाने चिकटलेली असते आणि शस्त्रक्रियेने काढून टाकली की रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. उरलेल्या चतुर्थांश गाठी दुर्दम. त्यांत सार्कोमा या जातीचे प्राबल्य असून त्यातही रक्तवाहिन्यांच्या अस्तरापासून निघणारा अँजिओसार्कोमा प्रमुख आहे. तो बहुशः उजव्या अलिंदात वाढतो आणि त्याचे नाव कळेपर्यंत पुष्कळदा फुप्फुसांत पोहोचलेला असतो. त्या खालोखाल लिंफोमा.

अमेरिकेत १९७३ पासून चालत आलेल्या कर्करोग नोंदणीच्या आधारे २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. १९७३ ते २०११ या काळातील ७३ लाख ८४ हजार ५८० कर्करोगांच्या नोंदींतून हृदयातील प्राथमिक दुर्दम अर्बुदाच्या केवळ ५५१ नोंदी निघाल्या. वार्षिक प्रमाण दहा कोटींस ३४. निदानानंतर एक वर्ष जगलेले रुग्ण शेकडा ४६, पाच वर्षे जगलेले शेकडा १७. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९७३ ते १९८९ या कालखंडात जे प्रमाण दहा कोटींस २५ होते, ते २००० नंतरच्या कालखंडात जवळजवळ ४७ झाले. रोग तेवढ्या झपाट्याने वाढला असेल असे मानण्यापेक्षा, पूर्वी जो न दिसता जात होता तो नव्या साधनांमुळे दिसू लागला, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

हेच ३४ चे प्रमाण आपल्याकडे लावले तर १४० कोटींच्या देशात वर्षाला सुमारे पावणेपाचशे आणि महाराष्ट्रात, २०११ च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकसंख्या धरली तरी, अडतीस रुग्ण निघतात. आपली लोकसंख्या वयाने तरुण असल्याने प्रत्यक्ष आकडा निराळा असू शकेल. परंतु अंदाज येण्यास एवढे पुरे. छत्तीस जिल्ह्यांच्या या राज्यात जिल्ह्यामागे वर्षाला एक रुग्ण. याचा अर्थ असा, की तालुक्याच्या ठिकाणचा एखादा डॉक्टर तीस-चाळीस वर्षे सचोटीने व्यवसाय करूनही हा रोग एकदादेखील न पाहता निवृत्त होऊ शकतो.

निदान का हुकते

या रोगाला स्वतःचे असे एकही लक्षण नाही. दम लागणे, छातीत दुखणे, बारीक ताप, वजन घटणे, पायांवर सूज, नाडीची अनियमितता ही सारी लक्षणे त्याने इतर रोगांकडून उसनी घेतलेली आहेत. गाठ झडपेच्या तोंडाशी आली तर संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झाल्यासारखे चित्र दिसते. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. ती हृदयाच्या आवरणात शिरली तर तेथे पाणी, कित्येकदा रक्तमिश्रित पाणी, साठते.

या शेवटच्या प्रकाराचा आपल्या देशाच्या संदर्भात विशेष विचार करावयास हवा. समजा, एखाद्या तालुक्याच्या गावातील चाळिशीचा शिक्षक दम लागतो म्हणून दवाखान्यात जातो. क्ष-किरण चित्रात हृदयाची छाया मोठी दिसते, तपासणीत हृदयावरणात पाणी सापडते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि हृदयावरणात पाणी होण्याचे क्षय हे येथे प्रमुख कारण आहे. डॉक्टर क्षयाची औषधे सुरू करतात. यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येत नाही. जे सर्रास आढळते ते प्रथम गृहीत धरावे हा वैद्यकाचा जुना नियम, आणि संभाव्यतेच्या गणिताचाही तोच निष्कर्ष. अशा दहा रुग्णांत नव्हे, तर कदाचित हजार रुग्णांतही हा अंदाज बरोबरच ठरेल.

चूक होते ती पुढे. पाणी काढले, ते पुन्हा भरले. ताप उतरला नाही, वजन घटतच राहिले. क्षयाचा जंतू कोणत्याच चाचणीत सापडला नाही, पण तो अशा पाण्यात पुष्कळदा सापडतच नाही, म्हणून उपचार चालूच ठेवले. काढलेल्या पाण्यात कर्कपेशी आढळल्या नाहीत, म्हणून कर्करोग नाही असा समज झाला. वस्तुतः सार्कोमामध्ये या पाण्याची तपासणी अनेकदा निरर्थक ठरते, कारण गाठ असूनही तिच्या पेशी पाण्यात उतरत नाहीत. क्षयासोबत सूज कमी करण्यासाठी स्टेरॉइड दिले गेले आणि मूळ रोग लिंफोमा असला, तर गाठ काही काळ ओसरते, रुग्णाला बरे वाटते आणि निदानाची वाट आणखी बुजते. क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, आणि या रोगात सहा महिने म्हणजे बहुतेक सारे आयुष्य. दोष आहे तो पहिल्या अंदाजाचा नव्हे. अपेक्षेप्रमाणे गुण येत नसतानाही त्या अंदाजाचा फेरविचार करण्याची व्यवस्था नसणे, हा खरा दोष होय.

कोणी म्हणेल की, पाच वर्षांनी शंभरातील सतराच जगणार असतील तर निदान लवकर झाले काय किंवा उशिरा झाले काय, फरक तो काय पडणार? या युक्तिवादात एक तर्कदोष आहे. निदान होण्यापूर्वी समोर असते ती केवळ 'हृदयातील एक छाया'. ती साधी रक्ताची गुठळी असू शकते, सौम्य मिक्सोमा असू शकते, लिंफोमा असू शकतो किंवा सार्कोमा असू शकतो. गुठळीवर रक्त पातळ करणारी औषधे, मिक्सोमावर शस्त्रक्रिया, लिंफोमावर औषधोपचार, आणि सार्कोमावर शक्य असेल तेथे शस्त्रक्रिया व तिच्या जोडीला इतर उपाय. चार वाटा, आणि चारही वेगळ्या दिशांना जाणाऱ्या. लिंफोमाच्या रुग्णाची छाती उघडून गाठ काढण्याचा खटाटोप बहुधा अनाठायी असतो, तर मिक्सोमाच्या रुग्णाला शस्त्रक्रियेवाचून ठेवणे हा अपराध. सार्कोमा असाध्यप्राय आहे म्हणून शोधच घ्यावयाचा नाही, असे ठरविले तर त्याच्यासोबत साध्य रोगांचे रुग्णही आपण बुडवू.

आणि समजा निदान वाईटच निघाले, तरी खऱ्या निदानाला मोल आहे. आपल्याकडे असाध्य रोगापेक्षा अनिश्चित रोग कुटुंबाला अधिक लवकर धुळीस मिळवितो. या डॉक्टरांकडून त्या डॉक्टरांकडे, गावाहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पुण्या-मुंबईला अशा खेपांत आधी पगारी रजा संपते, मग भविष्य निर्वाह निधी, मग बायकोच्या अंगावरचे दागिने आणि अखेरीस जमीन. काय झाले आहे हे ठाऊक असलेले कुटुंब निदान किती खर्च करावयाचा आणि कोठे थांबावयाचे याचा निर्णय घेऊ शकते. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेला पैसा वाचवावा की नाही, हा निर्णय अंधारात घ्यावा लागणे हे दारिद्र्याचे सर्वांत क्रूर रूप आहे.

यंत्राचा इतिहास काय सांगतो

हृदयातील गाठीचे वर्णन इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ रेआल्दो कोलोंबो यांच्या १५५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सापडते. त्यानंतर जवळजवळ पावणेचारशे वर्षे हा रोग शवविच्छेदनाच्या टेबलावरच ओळखला जात असे. रुग्ण जिवंत असताना हृदयातील सार्कोमाचे निदान झाले ते १९३४ साली, अमेरिकेत बार्न्स व त्यांच्या सहकाऱ्यांकडून. तेही हृदयाचा विद्युत् आलेख आणि रोग पसरलेल्या ठिकाणाच्या ऊतकाची तपासणी यांच्या आधारे. १९५४ साली स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने डाव्या अलिंदातील मिक्सोमा यशस्वीपणे काढली.

खरी क्रांती केली ती ध्वनिलहरींनी. १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी धडधडत्या हृदयाचे प्रतिध्वनी प्रथम टिपले. त्यासाठी आरंभी वापरलेले उपकरण माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यातून उसने आणलेले होते. धातूतील दोष शोधणे हे त्याचे काम. एडलर यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी हृदयातील गाठी नव्हत्या. अरुंद झालेल्या झडपेचे, म्हणजे त्या काळी युरोपातही सर्रास आढळणाऱ्या रोगाचे, शस्त्रक्रियेपूर्वी नेमके निदान व्हावे एवढाच त्यांचा हेतू. पण झडप पाहण्यासाठी तयार केलेल्या यंत्रातून काही वर्षांतच, १९५९ साली, जर्मनीत डाव्या अलिंदातील गाठ दिसली. आज आपण ज्याला 'टू-डी इको' म्हणतो ते याच यंत्राचे प्रगत रूप.

या इतिहासातून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने घेण्यासारखा धडा आहे. दुर्मिळ रोगाचे निदान हे बहुधा सामान्य रोगाच्या निदानाचे जोड-उत्पादन असते. कापसासोबत सरकी येते, तसे. सरकीसाठी कोणी वेगळे शेत लावीत नाही. तेव्हा 'पावणेपाचशे रुग्णांसाठी एवढा खर्च?' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. झडपांचे रोग, जन्मजात हृदयदोष, हृदयाचा अशक्तपणा आणि क्षयाने हृदयावरणात झालेले पाणी या लक्षावधींच्या रोगांसाठी जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात इको यंत्र व ते वाचू शकणारा माणूस असणे आवश्यक आहे. तो खर्च आपण त्या लक्षावधींसाठी केला, तर या चौतिसांच्या निदानाचा पहिला टप्पा जवळजवळ फुकट पदरात पडतो.

बाजार येथे अपुरा का पडतो

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेतील अनिश्चिततेवर लिहिलेला निबंध आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पाया मानला जातो. वैद्यकीय सेवा ही साबण किंवा कापडासारखी वस्तू नव्हे, कारण येथे ग्राहकाला आपण काय विकत घेत आहोत हेच कळत नसते. रोग केव्हा होईल हे अनिश्चित आणि उपचाराने गुण येईल की नाही हेही अनिश्चित, असे त्यात प्रतिपादन आहे. दुर्मिळ रोगात ही अनिश्चितता पराकोटीला जाते. येथे विक्रेत्यालाही, म्हणजे डॉक्टरलाही, रोग ठाऊक नसतो.

अशा परिस्थितीत बाजार दोन टोकांना झुकतो. शहरात, जेथे पैसे देणारा रुग्ण आहे, तेथे गरज नसलेल्या तपासण्यांचा सुकाळ होतो, आणि त्यातच कट प्रॅक्टिस नावाची कीड मिसळली की तपासणीची चिठ्ठी हीच मिळकत बनते. तालुक्याला मात्र गरजेची तपासणीही मिळत नाही. यावर उपाय म्हणून सरसकट सर्वांची तपासणी करा असे म्हणणेही तितकेच अविचाराचे. समजा, शंभर निरोगी माणसांपैकी नव्याण्णवांना बरोबर निरोगी ठरविणारी एखादी चाचणी आपण दहा कोटी लोकांवर केली. खरे रुग्ण चौतीस, आणि चुकून संशयित ठरलेले निरोगी लोक दहा लाख! त्या दहा लाखांच्या भीतीची, पुढील तपासण्यांची आणि अकारण झालेल्या शस्त्रक्रियांची किंमत कोण देणार? म्हणून तपासणी हवी ती सर्वांची नव्हे, तर ज्यांच्यात विसंगती दिसते त्यांची. गुण का येत नाही, हा प्रश्न जेथे उभा राहतो तेथे.

शासकीय विमा योजनांतील एक उणीव येथे नमूद करावयास हवी. २०१८ साली सुरू झालेली आयुष्मान भारत योजना काय किंवा राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना काय, त्यांचा रोख रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्यापूर्वीच्या केवळ तीन दिवसांचा खर्च धरला जातो. या योजनांनी गरिबांवर उपकार केले आहेत हे निर्विवाद. पण त्यांची रचना रोगाचे नाव ठाऊक आहे असे गृहीत धरून केलेली आहे. नाव कळले की दार उघडते. नाव शोधण्याच्या महिन्यांत मात्र रुग्ण दाराबाहेर उभा असतो. सामान्य रोगात हा शोध दोन दिवसांचा. दुर्मिळ रोगात तोच सर्वांत लांब आणि सर्वांत खर्चिक टप्पा.

काय करता येईल

यासाठी मोठ्या घोषणांची किंवा नव्या भव्य इमारतींची आवश्यकता नाही. पाच साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, फेरविचाराची तारीख. पुराव्यावाचून केवळ अंदाजाने क्षयाचा उपचार सुरू केला असेल, तर काही आठवड्यांनी इको पुन्हा करून गुण आला की नाही हे लेखी नोंदविणे बंधनकारक असावे. पाणी पुन्हा भरत असेल, ते रक्तमिश्रित असेल किंवा अलिंदाच्या भिंतीशी काही दिसत असेल, तर रुग्ण वरच्या रुग्णालयाकडे गेलाच पाहिजे.

दुसरी, शोधाचा खर्च. वरच्या रुग्णालयाने मागितलेले सी. टी., एम. आर. आय. आणि ऊतकपरीक्षा यांचा खर्च, निदान अनिश्चित असतानाही, विमा योजनेने उचलावा. एम. आर. आय. गुठळी आणि गाठ यांतील भेद पुष्कळ अंशी सांगू शकते. गाठीचा बुंधा रुंद आहे की देठ बारीक, ती शेजारच्या भागात शिरली आहे काय, हेही दाखविते. तथापि अखेरचा शब्द ऊतकपरीक्षेचाच.

तिसरी, विकृतिशास्त्रज्ञाचे दुसरे मत. जो डॉक्टर आयुष्यात ही गाठ एकदा पाहणार किंवा पाहणारच नाही, त्याच्या एकट्याच्या मतावर निर्णय सोडणे हे त्या डॉक्टरवरही अन्यायकारक आहे. देशातील कर्करोग केंद्रांना जोडणारे राष्ट्रीय जाळे २०१२ साली उभे राहिले असून कठीण रुग्णांची दूरस्थ चर्चा करण्याची सोय त्यात आहे. रुग्णाने एस. टी.ने परळला जाण्यापूर्वी त्याची काचपट्टी आणि चित्रे तेथे पोहोचणे, हे आता अशक्य राहिलेले नाही.

चौथी, नोंदणी. १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली आणि १९८७ साली बार्शीसारख्या ग्रामीण भागात ती पोहोचली, हा महाराष्ट्राला भूषणावह वारसा आहे. परंतु देशातील बहुसंख्य लोकसंख्या अशा नोंदणीच्या कक्षेबाहेरच आहे. जिल्ह्याला वर्षाकाठी एक रुग्ण असलेल्या रोगाचे ज्ञान एकेका रुग्णालयात कधीच साठणार नाही. ते एकत्र केले तरच ज्ञान. आणि माहिती ही सार्वजनिक वस्तू असल्याने ती गोळा करण्यात कोणाही खाजगी संस्थेला पुरेसा लाभ नाही. हे काम शासनाचेच.

पाचवी, शवविच्छेदन. या रोगाचे मूळ ज्ञान शवविच्छेदनातूनच आले. न्यायवैद्यक प्रकरणे सोडली, तर मृत्यूचे कारण जाणण्यासाठी शवविच्छेदन करण्याची प्रथा जगभर मागे पडत चालली आहे. नातेवाईकांच्या संमतीने आणि मृताचा मान राखून ती अध्यापन-रुग्णालयांत तरी जिवंत ठेवली पाहिजे. आपले अंदाज किती वेळा चुकले हे सांगणारा दुसरा निःपक्षपाती हिशेबनीस वैद्यकापाशी नाही.

हिशेब कोणाचा?

या पाचही गोष्टी पुन्हा एकदा पाहाव्यात. त्यांतील एकही केवळ हृदयाच्या कर्करोगासाठी नाही. फेरविचाराच्या तारखेमुळे औषधांना न जुमानणारा क्षयही लवकर उघडकीस येईल. दुसऱ्या मताचा लाभ सर्वच कर्करोगांना होईल. नोंदणी आणि शवविच्छेदन यांनी सगळ्याच रोगांविषयीचे आपले ज्ञान शुद्ध होईल. वैकल्पिक खर्चाचा जो आक्षेप आरंभी घेतला, तो येथे गळून पडतो, कारण दुर्मिळ रुग्णासाठी जे करावयाचे ते सामान्य रुग्णाकडून काढून घेतलेले नसून त्याच्याही पदरात पडणारे आहे.

बहुसंख्यांचे हित पाहणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य खरे. पण बहुसंख्य ही काही वेगळी जात नव्हे. प्रत्येक दुर्मिळ रोग वेगवेगळा मोजला तर त्याचे रुग्ण मूठभर भरतात, आणि सर्व दुर्मिळ रोग एकत्र मोजले तर तो मोठा समुदाय होतो. आज शाळेत, कचेरीत, महाविद्यालयात बसलेल्या आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला कोणती चिठ्ठी येईल हे कोणालाच ठाऊक नाही. विम्याचे तत्त्व जन्माला आले ते याच अज्ञानातून. ज्या आरोग्यव्यवस्थेला 'आपला पहिला अंदाज चुकला असेल काय?' हा प्रश्न नियमाने स्वतःला विचारण्याची सवय लागेल, ती त्या चौतिसांचे रक्षण तर करीलच, पण उरलेल्या कोट्यवधींचेही अधिक चांगले करील. ही सवय लावण्यास लागणारा पैसा फार नाही. तिच्यासाठी शासनाने, वैद्यक व्यवसायाने आणि विमा योजनांच्या चालकांनी मिळून एकदा निश्चय करावयास हवा, आणि तो करून घेण्यासाठी नागरिकांनी मागणी लावून धरावयास हवी.